शब्बीरभाईंचा डर्थ पिरियड

शब्बीरभाईंना इंग्रजी शब्द तसे पुष्कळ येत. कॉलर, कफ, पॉकेट, हाफ, फुल, लूज. पण हे सगळे कामातले, म्हणजे त्यांच्या लेखी मराठीच. खास इंग्रजी म्हणावा असा शब्द त्यांच्याकडे एकच होता. तो त्यांनी राहुरीहून आणला होता, मधमाश्यांच्या एका रिकाम्या पेटीबरोबर. डर्थ पिरियड.

मी त्यांच्या शेजारी आठ वर्षं राहिले. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून भंडारदऱ्याकडे निघालं की डोंगर सुरू होतात, तिथलं आमचं गाव. बसथांब्यासमोर त्यांचं टेलरिंगचं दुकान, दुकानामागे त्यांची राहती खोली, तिला लागून माझी भाड्याची खोली आणि दोन्हींच्या मागे एकच परसदार. मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवते. मी तापट आहे, हे मी सांगायच्या आधी गावातलं कुणीही सांगेल. शब्बीरभाई माझ्या बरोबर उलटे. जून महिन्यात अख्ख्या शाळेचे गणवेश त्यांच्या दुकानात ढिगाने पडलेले असत, आयाबाया दारात ताटकळत, आणि हे तोंडात चार टाचण्या धरून सावकाश काज करत बसलेले. तोंडात टाचण्या असल्या की भांडता येत नाही. मला वाटतं त्या त्यासाठीच तिथे असत.

त्यांची बायको गेली, एकुलती एक मुलगी नसीम नगरला दिलेली, तेव्हा कुणीतरी त्यांचं नाव राहुरीच्या मधमाशीपालनाच्या शिबिरात घातलं. आमच्या गावातून सहा जण गेले होते. पाच जणांनी घरी येऊन पेट्यांची कोंबड्यांसाठी खुराडी केली. शब्बीरभाईंनी मात्र पेटी घासूनपुसून परसदारी मांडली, तिच्या चारही पायांखाली मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या ठेवल्या, आणि माश्या येण्याची वाट बघत बसले. कुणी हसलं तर म्हणायचे, "कापड शिवून ठिवलंय, आता अंगात घालनारा यील की."

आणि आलंच. मी गावात आले त्याच वर्षी शाळेच्या मीटरपेटीत सातेरी जातीच्या माश्यांचं एक मोहोळ येऊन बसलं. हेडसरांचं म्हणणं होतं की धूर करून हाकलावं. मी म्हटलं, आधी पोरांना सुट्टी द्या आणि मग काय ते करा. आमचा वाद चालू असतानाच हा उंच, किडकिडीत माणूस पांढरी टोपी नीट करत आत आला, बाह्या दुमडल्या, आणि उघड्या हाताने त्या माश्या ओंजळ ओंजळ काढून खोक्यात ठेवायला लागला. मध्येच एकदा थांबून बोट झटकलं. मी घाबरून विचारलं, चावली का? तर म्हणाले, "चावती कसली. टाका घातला." शेवटी त्यांनी राणीमाशी हेरून एका जाळीच्या डबीत घेतली आणि ती डबी खोक्यात ठेवली. मग उरलेल्या माश्या आपल्या आपण तिच्या मागे गेल्या. ते मोहोळ त्यांनी पेटीत बसवलं आणि त्याचं नाव ठेवलं मांजरपाट.

पुढे आणखी दोन पेट्या झाल्या, पॉपलिन आणि मलमल. नावं उगाच नव्हती. मलमलच्या माश्या नाजूक, थोडी थंडी पडली की गारठणाऱ्या. पॉपलिन बरी, पण मिजासखोर. मांजरपाट दिसायला ओबडधोबड, अंगावर धावून येणारी, पण टिकाऊ. "आपल्याला मांजरपाटच पुरतं," असं ते म्हणायचे, आणि ओढाही तिच्याकडेच होता. दुकान बंद केलं की ते पहिल्यांदा तिच्याजवळ जात, वाकून पेटीला कान लावत आणि आवाज ऐकत. मग चहा.

ईदच्या दिवशी मात्र ही फेरी सकाळीच. पहाटे आंघोळ झाली की आधी पेट्यांकडे जाऊन यायचे आणि मगच अत्तर लावायचे. माश्यांना उग्र वास खपत नाही. एका ईदला मी शिरखुर्म्याची वाटी घेऊन परसदारी उभी होते, त्यांना म्हटलं, मांजरपाटला ईद मुबारक करायची राहिली वाटतं. ते पायरीवरूनच म्हणाले, "केली सकाळीच. आता अंगाला वास हाय, आता गेलो तर शिवून काढतील."

तर डर्थ पिरियड. शिबिरातल्या साहेबांनी सांगितलं होतं की वर्षातून एक काळ असा येतो, फुलांत मध नसतो, परागही नसतात, माश्यांवर उपासमार येते, त्याला म्हणतात डर्थ पिरियड. आमच्या भागात तो येतो आषाढ-श्रावणात. नवख्या माणसाला हे पटत नाही. डोंगर हिरवेगार, जिथे पाहाल तिथे ओहोळ, पुण्या-मुंबईच्या गाड्या धबधबे बघायला रांगा लावून येतात, आणि त्याच दिवसांत माश्या उपाशी. कारण पंधरा-पंधरा दिवस पाऊस थांबत नाही. माशीला बाहेर पडता येत नाही, आणि पडलीच तर फुलातलं सगळं धुऊन गेलेलं.

हा शब्द शब्बीरभाईंना इतका आवडला की त्यांनी तो पेटीपुरता ठेवलाच नाही. गावात चार दिवस एसटी आली नाही की एसटीचा डर्थ पिरियड. दुकानात बटणं संपली की बटणांचा. माझं हेडसरांशी वाजलं आणि मी तणतणत घरी आले की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "आज म्याडमकडं हसन्याचा डर्थ पिरियड दिसतोय." मला आणखी राग यायचा आणि मग हसूही यायचं. हळूहळू सगळ्या बाजारपेठेने तो शब्द उचलला. भाजीवाली मला म्हणायची, मॅडम, आज मेथीचा डर्थ हाय. माझ्या वर्गातल्या एकालाही साधं स्पेलिंग येत नव्हतं, पण डर्थचा वाक्यात उपयोग विचारला असता तर अख्ख्या गावाने हात वर केला असता.

उपासमारीच्या त्या काळात ते मध विकत नसत. एकदा भर श्रावणात एक मोठी गाडी थांबली. चांगल्या घरचं जोडपं होतं, कुणीतरी त्यांना शब्बीर टेलरकडे अस्सल मध मिळतो म्हणून सांगितलेलं. शब्बीरभाई म्हणाले, "आत्ता न्हाई. दिवाळीनंतर या."

"पण पेट्यांत असेल ना थोडा?" बाई म्हणाल्या.

"हाय ना. पन तो त्यांचा हाय. आमी तो काढत न्हाई." मग त्या दोघांना छत्रीखालून परसदारी नेऊन त्यांनी साखरपाण्याची वाटीही दाखवली. "उलट मीच त्यांना खायला घालतो."

झालं. गृहस्थांच्या कपाळाला आठी पडली. म्हणजे तुमचा मध साखरेचाच की. शब्बीरभाईंनी त्यांना शांतपणे समजावलं की हे साखरपाणी जगण्यापुरतं असतं, फुलं सुरू झाली की बंद होतं, विकायचा मध त्यानंतरचा. दहा मिनिटं समजावलं. गाडी निघून गेली ती गेलीच, आणि पुढच्या वळणावरच्या टपरीवर थांबली, जिथे बाटलीवर मोठ्या अक्षरांत अस्सल लिहिलेलं होतं. मी चिडून म्हटलं, वाटी दाखवायची काय गरज होती? ते म्हणाले, "त्यांनी इचारलं न्हाई म्हनून लपवायचं व्हय?" आणि मशीनवर जाऊन बसले, गुणगुणत.

एके दिवशी त्यांनी मला त्या शब्दाचं मूळ विचारलं. "म्याडम, ह्यो डर्थ आला कुठनं? म्हंजी त्याचं गाव कंचं?"

आता सांगायला लाज वाटते. मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण दुकानात तीन गिऱ्हाईकं होती आणि मी इंग्रजीची बाई. मी ठोकून दिलं, "अर्थवरून. अर्थ म्हणजे जमीन. जमीन कोरडी पडली, काही पिकेना, की डर्थ."

शब्बीरभाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. "पन म्याडम, आमच्या माश्यांना तर जमीन ओली आसतानाच उपास पडतो."

"शब्दांचं असंच असतं," मी म्हटलं, आणि वर आवाजही चढवला. त्यांनी मान डोलावली. त्यांचा माझ्या शिक्षणावर विश्वास होता. दुसऱ्या दिवसापासून बाजारात ज्याला त्याला ते सांगू लागले की डर्थ म्हणजे मूळचं अर्थ, म्याडमनी सांगितलंय.

मग त्यांच्या डोळ्यांचं निघालं. दोन्हीकडे मोतीबिंदू. सुईत दोरा ओवायला ते मला हाक मारू लागले, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. नसीमने नगरला एका डोळ्याचं ऑपरेशन ठरवलं, दुसरा पुढच्या वर्षी. तारीख मिळाली ती नेमकी श्रावणातली. दहा दिवस तिकडेच राहायचं होतं. शब्बीरभाईंना डोळ्याची चिंता नव्हती. त्यांनी मला परसदारी नेलं आणि तिन्ही पेट्यांसमोर उभं करून सांगितलं, "म्याडम, ह्या खेपेला ह्या गेल्या तर आपलं हे काम संपलं. नवं मोहोळ धरायला आता नजर न्हाई राहिली."

मग सूचना. साखर आणि पाणी एकाला एक, कोमट. वाटीत काड्या टाकायच्या, नाहीतर माश्या बुडतात. द्यायचं दिवेलागणीलाच, एक थेंबही बाहेर सांडायचा नाही, कारण उपाशी माश्या वासावरून एकमेकींच्या पेट्या लुटतात. साखरेचा डबा त्यांनी माझ्या ओट्यावर आणून ठेवला आणि एसटीने निघून गेले.

मी मूळची आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरची. आमचा घरचा ऊस, वडिलांचं गुऱ्हाळ. आमच्या घरात साखर म्हणजे कारखान्याची, पांढरी, निःसत्त्व, आणि गूळ म्हणजे औषध. बाळंतिणीला गूळ, थकलेल्याला गूळ, उन्हातून आलेल्या पाहुण्याला आधी गूळ-पाणी आणि मग नाव-गाव. दोन दिवस मी साखर दिली. तिसऱ्या दिवशी ते पांढरं पाणी ढवळताना मला त्या माश्यांची कीव आली. आधीच उपाशी, त्यात ही साखर. माझ्या फडताळात बेलापूरहून आलेली गुळाची ढेप होती, बिनरसायनाची, काळसर, घरची. शब्बीरभाई काटकसरी माणूस, त्यांनी साखरेवर भागवलं असेल, म्हटलं आपण जरा चांगलं खाऊ घालू. मी गूळ किसला, पाणी केलं, गाळून वाट्या भरल्या. माश्यांनी चाटूनपुसून संपवलं. मला इतकं समाधान वाटलं की विचारू नका.

त्याच दिवसांत शाळेच्या कपाटातला जाडा शब्दकोश मी उघडला. पाऊस, अर्धीच हजेरी, ऑफ तास. डर्थ काढला. अर्थचा आणि त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो आला होता डिअरवरून. वॉर्मवरून वॉर्म्थ, डीपवरून डेप्थ, तसा डिअरवरून डर्थ. डिअर म्हणजे महाग, मोलाचं. ज्या वर्षी धान्य महाग होऊन हाताला लागेना ते वर्ष डर्थचं. पुढे महागाई मागे पडली आणि नुसती टंचाई उरली. मी कपाट बंद केलं. त्या दिवशी फोनवर शब्बीरभाई उत्साहाने म्हणाले, "डॉक्टरला पन तुमचं अर्थाचं सांगितलं. खूश झाले." मी म्हटलं, बरं बरं, आराम करा.

पाचव्या दिवशी मलमलच्या दारापुढच्या फळीवर तपकिरी ठिपके दिसले. मला वाटलं पावसाचा चिखल. सहाव्या दिवशी तिन्ही पेट्यांवर ठिपके, मलमलखाली मेलेल्या माश्यांचा थर आणि एक आंबूस वास. जिवंत होत्या त्या फळीवर फरफटत चाललेल्या, पोटं फुगलेली. मी धावत घरात गेले, शब्बीरभाईंना फोन केला. मी अजून ठिपक्यांपर्यंत आले होते तोच त्यांनी विचारलं, "म्याडम, गूळ दिला का?"

मी हो म्हटलं. ते म्हणाले, "गूळ त्यांना पचत न्हाई. हगवन लागती. पावसानं भाईर जाता येत न्हाई, मग पेटीतच घान हुती. वाट्या काढा. मी येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने ते उतरले, डोळ्याला हिरवी पट्टी, वर काळा चष्मा. त्याआधी नसीमचा फोन येऊन गेला होता. तिने मला चांगलंच सुनावलं. अब्बांना वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, आणि तुमच्यामुळे ते पट्टी घेऊन पळत सुटलेत. एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी ऐकून घेतलं.

पाऊस तासाभरासाठी थांबला होता. शब्बीरभाई दुकानातलं स्टूल आणून पेट्यांसमोर बसले. त्यांना वाकता येत नव्हतं, दिसतही नव्हतं धड. म्हणाले, "तुमी उघडा. मी सांगतो."

मी तोपर्यंत कधी पेटी उघडली नव्हती. मलमलचं झाकण काढलं, आत सगळा मेलेल्या माश्यांचा खच. ते म्हणाले, "वास आला मला. झाकून ठिवा." पॉपलिन उघडली तर आत पोळी जशीच्या तशी आणि माशी एकही नाही. सकाळी ऊन पडलं होतं तेवढ्यात सगळ्या घर सोडून गेल्या होत्या. "मिजासखोर," ते एवढंच बोलले.

राहिली मांजरपाट. मी पोळ्यांच्या चौकटी एक-एक करून वर काढत होते आणि ते स्टुलावरून विचारत होते. माश्या किती चौकटींवर? दोन. आधी सहा असत. पिल्लं दिसतात? थोडी. राणी? मला राणी दिसेना. दोन टाके पडले, आणि मनात एकच की ही गेली तर या माणसाच्या दारातलं शेवटचं मोहोळ मी मारलं, तेही गूळ घालून. तिसरी चौकट उलटली आणि ती दिसली, लांब, काळपट, बाकीच्यांना बाजूला सारत चाललेली.

"आहे," मी म्हटलं.

"चालती का नीट?"

"चालते."

"मग लावा झाकन. गारठतील."

मी पेटीची खालची फळी खरवडून पुसली, वाट्या धुतल्या, नवं साखरपाणी केलं. ते सगळं होईपर्यंत ते तिथेच बसून होते. मग मी त्यांच्यासमोर पायरीवर बसले आणि रडले. माझं चुकलं, असं म्हटलं. वर अर्थचंही सांगून टाकलं, की तीही मी थापच मारली होती.

शब्बीरभाई म्हणाले, "गुळाचं तुमचं चुकलं. न्हाई म्हनत न्हाई मी. मलमल गेली. पन तुमी त्यांना पाव्हने समजलात, पाव्हन्याला आपन आपल्या घरचं चांगलं तेच देतो. त्यांचं पोट निराळं, एवढंच." मग त्यांनी विचारलं, "आन् मंग डर्थ आला कुठनं?"

मी सांगितलं. डिअर म्हणजे महाग. धान्य महाग झालं की उपासमार, म्हणून डर्थ.

त्यांनी पट्टी बांधलेला चेहरा माझ्याकडे वळवला. "हां. हे बसतंय मापात. आमची आई सांगायची ना, तिच्या लहानपनी दुष्काळात घोटभर पान्याला महाग झाल्तो म्हनून. भाकरीला महाग झाल्तो. महाग झाली भाकरी, आन् म्हनायचं मानूस महाग झाला." ते खुशीत आले. "म्हंजी विंग्रजांच्या आयाबी तसंच बोलायच्या म्हना की."

मी तीस वर्षं इंग्रजी शिकले, शिकवलं आणि मराठी तर जन्मापासून बोलते. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग मला आठवलं, पत्राच्या सुरुवातीला आपण लिहितो तो डिअरही हाच. तेही सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "बरोबर हाय. मोलाचा मानूस."

ती पट्टी बांधून ते परत नगरला गेलेच नाहीत. पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी मी साखरपाणी ठेवायची आणि ते पेटीला कान लावायचे. एका संध्याकाळी कान लावून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आता भरलाय आवाज." दसऱ्याला कारळ्याची शेतं पिवळी झाली आणि मांजरपाटच्या दारात नुसती लगबग सुरू झाली. त्या वर्षी त्यांनी मध काढलाच नाही. दुरून आलेल्या गिऱ्हाइकांना सांगितलं, यंदा त्यांनाच पुरू द्या. बाजारात मात्र दुरुस्ती झाली. ते प्रत्येकाला गाठून सांगत होते की डर्थचं मूळ अर्थ नव्हे, महाग, आणि आधीचं सांगणं माझं चुकलं होतं. माझं म्हणजे त्यांचं. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. मला हे भाजीवालीकडून कळलं.

फाल्गुनात त्यांनी मांजरपाटची दोन मोहोळं केली. डोळा छान झाला होता, सुईत दोरा स्वतः ओवत. पेट्यांचं सगळं पुन्हा एकट्याने बघत. आम्ही पहिल्यासारखेच बोलत होतो, चहा होत होता, माझ्या रागावर टोमणे येत होते. पण परसदारी ते पेटी उघडून बसले की मी आपली पायरीवर उभी राहायची. जवळ या म्हणून त्यांनी बोलावलं नाही आणि मी होऊन गेले नाही. खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडून दुसरं काही नको होतं, माफीसुद्धा नको होती. त्यांनी मला पुन्हा एकदा त्या पेटीचं झाकण उघडू द्यावं, एवढंच हवं होतं. ते मागायचं तोंड मात्र माझ्याकडे नव्हतं.

आषाढात दुसऱ्या डोळ्याची तारीख आली. भिंतीला भिंत लागून, त्यात ते फोन स्पीकरवर टाकून बोलणारे. नसीम सांगत होती, या वेळी पेट्या राजूरच्या त्या मधवाल्याकडे नेऊन ठेवा, तो जाणकार आहे. शब्बीरभाई हां हां म्हणत होते. मी ऐकलं आणि मनाशी म्हटलं, बरोबरच आहे पोरीचं. दोन दिवस मी त्यांच्यासमोर गेले नाही.

निघायच्या सकाळी ते दारात आले. अंगात त्यांनी स्वतः शिवलेला पांढरा सदरा, हातात पिशवी. परसदाराची किल्ली त्यांनी माझ्या ओट्यावर ठेवली आणि शेजारी साखरेचा डबा.

"पंधरा दिवस लागतील म्हंती," ते म्हणाले.

मी वाट बघत होते की आता सांगतील, एकाला एक, कोमट, दिवेलागणीला. ते काहीच बोलले नाहीत. मीच घाईघाईने म्हटलं, "मी गूळ घरातच ठेवलेला नाही, शब्बीरभाई."

"ठिवा की," ते म्हणाले. "तुमाला च्याला लागतो."

त्या खेपेला नसीमने त्यांना परत येऊ दिलं नाही. नातवंडं होती, त्यांनाही तिथे करमलं, आणि या माघात झोपेतच ते गेले, असं तिने मला फोन करून सांगितलं. पेट्या माझ्याकडेच आहेत. पण मला ते शेवटचे दिसले ते त्या सकाळी, एसटीच्या खिडकीत. मी थांब्यावर उभी होते. गाडी भरलेली, पाऊस आत येतो म्हणून लोक काचा ओढत होते, ड्रायव्हर अजून खाली चहा पीत होता. शब्बीरभाईंनी पिशवी मांडीवर घेतली, टोपी सारखी केली आणि डोकं खिडकीच्या गजाला टेकलं. गाडी सुटली तेव्हा मी हात वर केला. त्यांना दिसला नाही. त्यांना गाढ झोप लागली होती.